चूळभर पाण्यातली साक्ष

हिरड्यांचा आजार दोन टप्प्यांनी पुढे सरकतो. पहिल्या टप्प्यात सूज हिरडीपुरतीच असते. हिरडी लालसर होते, काठाशी फुगते, ब्रश लागला की रक्त येते. साचलेला थर काढला आणि दात रोज नीट घासले, तर काही दिवसांत ती पूर्ववत होते. दुसऱ्या टप्प्यात सूज खाली उतरते. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. असंख्य बारीक तंतूंनी तो हाडाच्या खोबणीत टांगलेला असतो. सूज या तंतूंपर्यंत पोचली की ते तुटू लागतात, हाड झिजते, हिरडी आणि दात यांच्यामध्ये कप्पा पडतो आणि त्या कप्प्यात ब्रश पोचत नाही म्हणून सूज आणखी वाढते. एकदा झिजलेले हाड सहसा परत येत नाही. दंतवैद्यकात पहिल्या टप्प्याला जिंजिव्हायटिस आणि दुसऱ्याला पेरिओडॉन्टायटिस म्हणतात. बोलीत दोन्हींना मिळून ‘पायोरिया’ हा एकच शब्द आहे, आणि तो बहुधा दात हलू लागल्यावरच उच्चारला जातो.

हा भेद आपल्याकडे फार पूर्वी टिपला गेला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दातांच्या मुळाशी होणारे रोग वेगळे काढून सांगितले आहेत. त्यांतल्या ‘शीताद’ या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते आणि त्या मऊ पडतात. ‘दंतवेष्ट’ या रोगात पू आणि रक्त येऊन दात हलू लागतात. नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी केलेले ते निरीक्षण आजच्या दोन टप्प्यांच्या किती जवळ जाते, हे पाहून आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

या आजाराची खरी अडचण म्हणजे तो दुखत नाही. दाताला कीड लागली की ठणका लागतो, रात्रीची झोप उडते आणि माणूस सकाळी दवाखाना गाठतो. हिरडीचे तसे नाही. वॉश बेसिनमध्ये थुंकीबरोबर आलेली लाल रेघ पाण्याने वाहून जाते आणि विसरली जाते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत ३५ ते ४४ या वयोगटातल्या ८९.६ टक्के लोकांच्या हिरड्यांत काही ना काही बिघाड आढळला. या आकड्यात नुसते रक्त येणारे आणि दातांवर कीटण साचलेले लोकही धरलेले आहेत, त्यामुळे तो सगळाच्या सगळा हाड झिजलेल्यांचा नाही. पण मग या मोठ्या गर्दीतून हाड गमावण्याच्या वाटेवर असलेली माणसे वेगळी कशी काढायची, हा प्रश्न उरतोच.

आजवर हे काम एका बारीक सळईने होत आले आहे. दंतवैद्य तिला प्रोब म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रोबच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा गोल मणी असतो आणि ३.५ ते ५.५ मिलिमीटर या अंतरात काळा पट्टा असतो. हा मणी दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद सरकवतात. निरोगी फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते, म्हणजे काळा पट्टा पूर्ण दिसत राहतो. पट्टा अर्धवट बुडाला तर कप्पा चार-पाच मिलिमीटरचा. पूर्ण बुडाला तर सहा किंवा त्याहून खोल. पूर्ण तपासणीत प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. बत्तीस दात धरले तर १९२ मोजण्या होतात. त्यासाठी खुर्ची, उजेड, निर्जंतुक हत्यारे, आकडे लिहून घेणारा मदतनीस आणि मुख्य म्हणजे सरावलेला हात लागतो. जोर थोडा जास्त पडला की निरोगी हिरडीतूनही रक्त येते.

शिवाय प्रोब सांगतो तो झाल्या नुकसानीचा हिशेब. कप्पा सहा मिलिमीटर खोल आहे एवढे त्याने कळते. तो आज वाढतो आहे की दोन वर्षांपूर्वी वाढून थांबला आहे, हे कळत नाही. मोजताना रक्त येणे ही चालू सुजेची खूण मानतात, पण तीही अर्धीच भरवशाची आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथील निकलाउस लांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ आणि १९९० मध्ये हे तपासले. ज्या जागी सलग चार भेटींत रक्त आले, त्यांतल्या सुमारे ३० टक्के जागांवरच दाताचा आधार पुढे खरोखर तुटला. उलट ज्या जागी रक्त आलेच नाही, त्यांतल्या ९८ टक्के जागा सुरक्षित राहिल्या. रक्त न येणे ही चांगली बातमी आहे. रक्त येणे म्हणजे मात्र नक्की काय, ते त्यावरून ठरत नाही.

आजार पुढे वाढेल की नाही, हे दातांवर किती घाण आहे यावरूनही ठरत नाही. १९६५ मध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला लावले. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर त्या बऱ्या झाल्या. साचलेल्या थरामुळे सूज येते हे त्याने सिद्ध झाले. पण लो यांचे दुसरे काम अधिक विचार करायला लावणारे आहे. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरील ४८० तमिळ मजुरांना त्यांनी १९७० ते १९८५ या काळात पुन्हा पुन्हा तपासले. हे पुरुष दात घासत नव्हते, दंतवैद्याकडे गेलेले नव्हते. सगळ्यांच्याच दातांवर थर होता आणि हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही सुमारे ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. घाण सारखीच असूनही एकाचे दात चाळिशीत गेले आणि दुसऱ्याचे टिकले. फरक होता तो शरीर त्या घाणीला कसे उत्तर देते याचा. लाळेच्या चाचण्या हेच उत्तर मोजायला बघतात.

हे उत्तर देण्यात पहिली फळी असते ती न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची. दात आणि हिरडी यांच्या फटीत जंतू वाढले की या पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून तिकडे धावतात. त्यांच्या पोटातल्या पुड्यांत वेगवेगळी विकरे भरलेली असतात. त्यांतले एक म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-८, थोडक्यात एमएमपी-८. कोलॅजन हा दाताला धरून ठेवणाऱ्या तंतूंचा मुख्य धागा. तीन पेडांची वेणी घातलेला, आणि म्हणून सहजासहजी न तुटणारा. एमएमपी-८ ही वेणी एका ठरावीक जागी कापते. एका बाजूला तीन चतुर्थांश तुकडा राहतो, दुसऱ्या बाजूला एक चतुर्थांश. एकदा हा काप बसला की पेड सुटतात आणि बाकीची विकरे उरलेला धागा फस्त करतात. पेशींनी हे विकर सोडायचे ते जंतूंपर्यंत वाट काढण्यासाठी. पण जंतू हटतच नाहीत, पेशी येतच राहतात, आणि वाट काढता काढता घराचे वासेच कापले जातात.

या जातीच्या विकरांचा शोध लागला तो बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. कोकणात पावसाळ्यात शेताच्या बांधाशी साचलेल्या पाण्यात काळी वळवळती पिल्ले दिसतात. त्यांना पाय फुटतात आणि शेपटी हळूहळू नाहीशी होते. शेपटी गळून पडत नाही, ती आतल्या आत विरघळते. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी हे कोण विरघळवते ते शोधले आणि कोलॅजन कापणारे विकर त्यांच्या हाती लागले. बेडकाच्या शेपटीत जे काम वेळेवर सुरू होऊन वेळेवर थांबते, तेच माणसाच्या हिरडीत न थांबता चालू राहिले की दात हलतात.

न्यूट्रोफिलच्या जोडीला आणखी रेणू असतात. इंटरल्युकिन-१ बीटा सुजेची हाक दूरवर पोचवतो आणि हाड खाणाऱ्या पेशींना उत्तेजन देतो. इंटरल्युकिन-६ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर त्याच साखळीतले. हाड झिजू लागले की त्यातल्या कोलॅजनचे तुकडेही सुटतात. हे सगळे त्या फटीतून झिरपणाऱ्या अगदी थोड्या द्रवात उतरते, आणि तो द्रव लाळेत मिसळतो. माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या एका टक्क्यात तोंडातल्या प्रत्येक दाताभोवती काय चालले आहे याची सरमिसळ साक्ष असते. प्रोब एकेका जागेचे सांगतो; लाळ सगळ्या तोंडाचे एकदम सांगते. हाच तिचा गुण आणि हीच तिची मर्यादा.

अमेरिकेत केंटकी विद्यापीठात क्रेग मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ५७ प्रौढांची लाळ तपासली. त्यांतल्या २८ जणांना पेरिओडॉन्टायटिस होता. त्यांच्या लाळेत एमएमपी-८ आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दोन्ही रेणू निरोगी लोकांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाले. असे अभ्यास त्यानंतर अनेक देशांत झाले, भारतातल्या दंत महाविद्यालयांतही झाले. एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने होणाऱ्या मोजणीसाठी लाळ गोळा करण्याचीही एक शिस्त असते. तासभर आधी खाणेपिणे, दात घासणे बंद. मग खुर्चीत बसून मान थोडी खाली घालायची, ओठ सैल सोडायचे आणि लाळ आपोआप नळीत ठिबकू द्यायची. खाकरून थुंकायचे नाही, कारण मग घशातला कफ येतो. निरोगी माणसाची अशी लाळ मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर जमते, म्हणजे पाच मिनिटांत चमचाभरही नाही. नळी बर्फात ठेवायची, कारण लाळेतली विकरे लाळेतलेच रेणू खात बसतात. एवढे सगळे गावात होणे शक्य नाही.

म्हणून चाचणी पट्टीवर आणली गेली. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या टिमो सोर्सा यांच्या गटाने कार्यरत एमएमपी-८ ओळखणाऱ्या प्रतिपिंडांवर दीर्घकाळ काम केले आणि त्यातून पेरिओसेफ या नावाची पट्टी तयार झाली. तिची रीत चूळ भरण्याचीच आहे. आधी साध्या पाण्याने अर्धा मिनिट चूळ भरून थुंकायचे, म्हणजे अन्नाचे कण जातात. मिनिटभर थांबायचे. मग पाच मिलिलिटर शुद्ध पाणी तोंडात घेऊन अर्धा मिनिट खळखळवायचे आणि ते छोट्या पेल्यात थुंकायचे. ते पाणी सिरिंजमध्ये ओढून गाळणीतून काही थेंब पट्टीवर टाकायचे. थेंब कागदातून पुढे सरकतात, वाटेत रंगीत कणांना चिकटलेली प्रतिपिंडे एमएमपी-८ ला पकडतात. पाच मिनिटांत पट्टीवर एक रेघ उमटली तर चाचणी नीट झाली आणि विकर कमी आहे. दोन उमटल्या तर विकर मर्यादेच्या वर आहे. गरोदरपणाच्या किंवा कोविडच्या घरगुती पट्टीसारखेच हे वाचन. मर्यादा धरली आहे ती एका मिलिलिटरमध्ये २० नॅनोग्रॅमची. हे प्रमाण किती सूक्ष्म? एक ग्रॅम एमएमपी-८ एवढ्या प्रमाणात मिसळायचे, तर दहा हजार लिटरचे पाच टँकर पाणी लागेल.

चुळीचा नमुना महाराष्ट्राला नवा नाही. कोविडच्या काळात नागपूरच्या नीरी या संस्थेने नाकात काडी न घालता मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून नमुना घेण्याची पद्धत बसवली आणि मे २०२१ मध्ये तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. नमुना देणाऱ्याला त्रास नाही, घेणाऱ्याला खास प्रशिक्षण नको, हाच तिचाही फायदा होता.

अशा चाचणीची गरज कुठे आहे, हे मालगुंडसारख्या गावावरून लक्षात येते. गणपतीपुळ्याला लागून असलेले, कवी केशवसुतांचे हे जन्मगाव रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने सुमारे २५ किलोमीटरवर आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण आपल्या आरोग्य व्यवस्थेत दंतवैद्याचे पद सहसा ग्रामीण रुग्णालयापासून वर सुरू होते. जिल्हा रुग्णालय रत्नागिरी शहरात. दंत महाविद्यालय खेडला. बागेचे नाहीतर मासळीचे काम सोडून, एसटीची वेळ गाठून, न दुखणाऱ्या हिरडीसाठी दिवस मोडणे कोणालाही जड जाते. दुसरीकडे, साधारण हजार वस्तीमागे एक आशा सेविका घरोघरी फिरत असते आणि तिशीपुढच्या माणसांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांसाठीची चाचपणी सुरूच आहे. प्रोब आशाताईंच्या हाती देता येणार नाही; चुळीचा पेला देता येईल. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे, त्यात ही कडी बसवायला जागा आहे.

मात्र कोकणात ही पट्टी वाचताना मशेरी विसरून चालणार नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दात-हिरड्यांवर घासायची. अनेक घरांत बायका सकाळी ती ‘लावतात’ आणि बराच वेळ तोंडात तशीच ठेवतात. कोकणातून मुंबईला गेलेल्यांबरोबर ही सवय चाळींतही पोचली. मुंबईत ९९,५९८ जणांची तंबाखूविषयक पाहणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या, जवळजवळ सगळ्या धूरविरहित स्वरूपात, आणि त्यात मशेरीचा वाटा मोठा होता. मशेरी लावणारीला वाटते की दात स्वच्छ होतात आणि हिरड्या घट्ट होतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे सुजलेल्या हिरडीतूनही रक्त कमी येते. रक्त थांबले म्हणजे आजार गेला, अशी समजूत त्यातूनच पक्की होते. ‘हिरडीतून रक्त येते का?’ हा नुसता प्रश्न अशा तोंडात फसवा ठरतो. विकर मोजणारी चाचणी इथे त्याला मोलाची जोड देऊ शकते. पण तंबाखूचा परिणाम पांढऱ्या पेशींवर आणि त्यांच्या विकरांवरही होतो, त्यामुळे फिनलंड-जर्मनीतल्या लोकांवर ठरवलेली मर्यादा मशेरीच्या तोंडाला जशीच्या तशी लावणे बरोबर नाही. ती इथल्या लोकांवर, प्रोबच्या मोजणीशी ताडून, पुन्हा ठरवायला हवी. हे काम कोकणातच होऊ शकते आणि ते इथल्याच दंतवैद्यांनी हाती घ्यावे असे आहे.

इतर अडचणीही आहेत. तोंडात व्रण असेल, लायकेन प्लॅनससारखा त्वचारोग असेल किंवा कर्करोगाची जखम असेल, तर सुजेचे रेणू त्यामुळेही वाढतात. गरोदरपणात हिरड्या अधिक सुजतात. काही औषधांनी तोंड कोरडे पडते आणि उरलेली लाळ घट्ट होते. ज्याचे बहुतेक दात आधीच पडले आहेत, त्याच्या लाळेत विकर कमीच निघते. दात सुटला की त्याची हिरडी शांत होते, आणि पट्टी ‘सारे ठीक’ म्हणते. एकाच दाताभोवती खोल कप्पा असेल तर तो सगळ्या तोंडाच्या पाण्यात विरून जातो. प्रतिपिंडांच्या पट्टीला दमट हवा मानवत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात पाकीट उघडे राहिले की पट्टी वाया जाते.

पट्टीवरच्या रेघांचा अर्थ किती घ्यायचा, ते एका मानलेल्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा एका भागातल्या १,००० प्रौढांपैकी ३०० जणांना पेरिओडॉन्टायटिस आहे. चाचणी १०० आजाऱ्यांतले ८० ओळखते आणि १०० निरोग्यांतले ८० बरोबर सोडते, असे धरू. ३०० आजाऱ्यांपैकी २४० जणांच्या पट्टीवर दोन रेघा येतील, ६० निसटतील. ७०० निरोग्यांपैकी १४० जणांनाही दोन रेघा येतील. म्हणजे ३८० जणांना दंतवैद्याकडे पाठवायचे आणि त्यांतले २४० खरे निघणार. हजार जणांना तपासण्याऐवजी ३८० जणांना तपासणे दंतवैद्याला कितीतरी सोपे. पण निसटलेल्या ६० जणांना ‘तुम्हाला काही नाही’ असे सांगणे चुकीचे होईल. म्हणून ही चाचणी निवड करण्यापुरती आहे. निदान प्रोब आणि एक्स-रे यांवरच होते. २०१७ मध्ये शिकागोत ठरलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणातही आजाराची पायरी तुटलेल्या आधारावर आणि झिजलेल्या हाडावर ठरते. आजार किती वेगाने वाढेल हे ठरवताना धूम्रपान आणि मधुमेह धरले जातात.

मधुमेहाचा हा धागा गावपातळीवर सगळ्यात उपयोगाचा आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. साखर वाढलेली असली की हिरड्यांची सूज वाढते, आणि हिरड्यांची सूज असली की साखर आवरायला जड जाते. हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, सरासरी ०.४३ टक्क्याने उतरतो, असे २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला दर महिन्याला आरोग्य केंद्रात येणाऱ्या माणसाची तिथेच चूळ घेता येईल. ती त्याच्या हिरडीइतकीच त्याच्या साखरेच्याही कामाची.

दोन रेघा आल्या की पुढची पायरी ठरलेली आहे: दंतवैद्याची तपासणी आणि दातांच्या मुळांपर्यंतचे कीटण काढणे. इथे एक भीती आडवी येते. ‘मशीनने साफ केले की दात ढिले होतात,’ असे गावोगाव ऐकू येते. आधीच हलणाऱ्या दातांना कडक कीटणाने एकमेकांशी जखडून ठेवलेले असते. ते निघाले की आधीपासूनचे हलणे जाणवते, एवढेच. सूज उतरली की बरेच दात पुन्हा घट्ट होतात. काही रुग्णांना डॉक्सिसायक्लिनच्या २० मिलिग्रॅमच्या अगदी लहान मात्रा दिवसातून दोनदा देतात. या मात्रेत ते जंतू मारत नाही, विकराला अडवते. टेट्रासायक्लिन गटाचा हा गुण अमेरिकेतल्या लॉर्न गोलब यांनी १९८३ मध्ये उंदरांवर दाखवला आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यता दिली.

उपचार लागू पडला तर चुळीतले एमएमपी-८ काही आठवड्यांत खाली येते. प्रोबवर फरक दिसायला त्याहून जास्त वेळ लागतो. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा चूळ घेतली आणि एकच रेघ उमटली, तर रोजचे घासणे आणि ठरावीक काळाने सफाई एवढे पुरते. दोन रेघा तशाच राहिल्या, तर कुठला तरी कप्पा साफ व्हायचा राहिला आहे, साखर चढलेली आहे, किंवा मशेरीचा डबा अजून चुलीजवळच आहे, हे तिन्ही पाहावे लागते.